काट्याने काटा काढणाऱ्या डॉक्टर

पायात रुतलेला काटा काट्यानेच निघतो, हे शेतात राबणाऱ्याला सांगावे लागत नाही. जर्मन डॉक्टर सॅम्युएल हानेमान यांनी अशाच विचारावर अठराव्या शतकाच्या अखेरीस होमिओपॅथी उभी केली. निरोगी माणसात जे द्रव्य एखादी लक्षणे निर्माण करते, तेच द्रव्य सूक्ष्म मात्रेत ती लक्षणे असलेल्या रोग्याला द्यायचे, हे त्यांचे सूत्र. अशा अतिविरल औषधांचा गुण काटेकोर चाचण्यांत सिद्ध झालेला नाही. पण औषधाच्या जागी माणूस ठेवला, तर हेच सूत्र व्यसनमुक्तीत उपयोगी पडते. महाराष्ट्रात ते ज्यांनी रुजवले, त्यांत डॉ. अनिता (सुनंदा) अवचट यांचे नाव अग्रभागी आहे.

अनिताताई मानसोपचारतज्ज्ञ होत्या. पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयात त्या काम करत. १९८०च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्दचे, म्हणजे ब्राऊन शुगरचे व्यसन झपाट्याने पसरले. त्यांचे पती, लेखक अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यातल्या मुलांवर लेखन केले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्या आवारातच ‘मुक्तांगण’ सुरू झाले.

गर्द सोडताना अंग मोडून येते, झोप उडते, उलट्या-जुलाब होतात. व्यसनी मुले याला ‘टर्की’ म्हणत. त्यावर औषधे होती. अवघड होते ते पुढचे, कारण घरी गेलेला रुग्ण पुन्हा पुडीकडे वळे. डॉक्टर समजावतात, आई रडते, बाप मारतो. पण यांतल्या कोणालाच ती ओढ ठाऊक नसते. ती ठाऊक असते व्यसनातून बाहेर पडलेल्याला. म्हणून अनिताताईंनी बऱ्या झालेल्या रुग्णांनाच कामात सामावून घेतले. नव्या रुग्णाच्या थापा हे लोक लगेच ओळखत, कारण त्यांनीही त्या मारलेल्या असत. शिवाय हा आपल्यासारखाच होता आणि सुटला, हे रुग्णाला समोर दिसे.

या मार्गाची सुरुवात अमेरिकेत झाली होती. १९३५ मध्ये बिल विल्सन हा दारू सोडलेला शेअर दलाल ॲक्रन शहरात कामासाठी गेला. तिथे पिण्याची ओढ अनावर झाल्यावर त्याने दुसरा मद्यपी शोधला. ते होते शल्यविशारद डॉ. बॉब स्मिथ. त्यांच्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही चळवळ उभी राहिली. दुसऱ्याला सावरताना सांगणाराही सावरतो, हे त्यातले मर्म. २०२० मध्ये कॉक्रेन संस्थेने १०,००० हून अधिक लोकांवरील २७ अभ्यास तपासले. अशा गटांशी पद्धतशीरपणे जोडून देणारे उपचार दारूपासून पूर्ण दूर राहण्यासाठी इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा अधिक उपयोगी ठरल्याचे त्यात दिसले.

मात्र नुसता सारखेपणा पुरत नाही. दोन पिणारे एकत्र बसले तर बाटलीच उघडते. आधार देणारा एक पाऊल पुढे गेलेला हवा. त्यालाही प्रशिक्षण आणि देखरेख लागते, कारण त्याचाही पाय घसरू शकतो. घसरला तर हाकलून न देता पुन्हा उभे करायचे, कारण व्यसन हा आजार आहे.

पुढे अनिताताईंना कर्करोग झाला. १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले. मुक्तांगणचे काम मात्र थांबले नाही.

उमरखेड तालुक्यातल्या ढाणकीपासून येरवडा शेकडो किलोमीटर दूर आहे. पण अनिताताईंच्या या मार्गाला मोठी इमारत लागत नाही. गावात दारू सोडून काही वर्षे झालेला एखादा तरी माणूस असतोच. त्याने सोडू पाहणाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसायला हरकत नाही. फक्त रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद करू नये. त्याने झटके येऊ शकतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढावेत. सरकारची १४४४६ ही मोफत व्यसनमुक्ती हेल्पलाइनही आहे. त्यानंतरच्या लांब वाटेवर सोबतीला आपल्यासारखाच कोणी असावा.