हवेचे गणित मांडणारे विलिस कॅरियर

आधुनिक वातानुकूलनाचे जनक विलिस कॅरियर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात झाला. १९०१ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाची अभियांत्रिकी पदवी घेऊन ते बफेलो येथील कारखान्यात रुजू झाले. ब्रुकलिनच्या एका छापखान्यात हवेतील दमटपणा बदलताच कागद फुगत किंवा आक्रसत असे. त्यामुळे रंगांची छपाई जुळत नसे. १९०२ मध्ये कॅरियर यांनी थंड नळ्यांवरून हवा नेऊन तिच्यातील बाष्प काढणारी यंत्रणा आखली. १९११ मध्ये त्यांनी उष्णता व आर्द्रता यांच्या संबंधाची सूत्रे मांडली. १९५० मध्ये त्यांचे निधन झाले.

बंदिस्त खोलीत दिव्यांखाली रोपे वाढवताना वातानुकूलन यंत्राची क्षमता ठरवण्यासाठी आजही हेच गणित आधारभूत ठरते. कारण दिव्यांच्या उष्णतेबरोबरच पानांतून निघणाऱ्या बाष्पाचा भारही यंत्राला पेलावा लागतो.