ॲलन आर्नल्ड ग्रिफिथ

वैशाखात जामनेरच्या काळ्या रानातून फिरणाऱ्या मुलांस भुईच्या भेगा नव्या नाहीत. वरची माती वाळून आकसू पाहते. पण खालचा थर तिला धरून ठेवतो, आणि अखेर ती फाटते. तापलेल्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा थेंब पडला असता ती तडकते, त्याचेही कारण ह्याच जातीचे होय. अशा चिरांचा हिशेब ज्यांनी गणिताने मांडला, त्या ग्रिफिथ ह्यांचे अल्पचरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

ग्रिफिथ ह्यांचा जन्म ता. १३ जून १८९३ रोजी लंडन येथे झाला. त्यांचे वडील जॉर्ज हे नावाजलेले कादंबरीकार होते. परंतु ते १९०६ साली वारले, तेव्हा मुलास तेरा वर्षेही पुरी झाली नव्हती. पुढे लिव्हरपूल विद्यापीठातून १९१४ साली यंत्रशास्त्राची पदवी घेऊन ते फार्नबरो येथील सरकारी विमान कारखान्यात लागले. तेथे टेलर ह्या शास्त्रज्ञाच्या सहकार्याने, पिळलेल्या दांड्यातील ताण साबणाच्या पडद्यावरून ओळखण्याची युक्ती त्यांनी काढली.

काचेच्या कणांचे परस्पर आकर्षण पाहता ती असावी तितकी बळकट का नसते, हे कोडे त्यांस पडले. काच वितळवून त्यांनी केसाहून बारीक तंतू ओढले व ते ताणून पाहिले. तंतू जितका बारीक, तितका तो बळकट! १९२१ साली त्यांनी आपला सिद्धांत प्रसिद्ध केला. काचेत डोळ्यांस न दिसणाऱ्या चिरा असतात आणि ताण त्यांच्या टोकाशी एकवटतो. मात्र प्रत्येक चीर घातक नसते. विशिष्ट ताणाखाली ती ठराविक मर्यादेपलीकडे गेली तरच आपोआप धावत सुटते.

१९२६ साली त्यांनी विमानासाठी टर्बाइनचा सिद्धांत मांडला. १९२९ साली फ्रँक व्हिटल नावाचा बावीस वर्षांचा वैमानिक अधिकारी झोताच्या इंजिनाची योजना घेऊन त्यांच्याकडे आला. ग्रिफिथ ह्यांनी हिशेबातील चूक दाखविली, व इतकी उष्णता सोसणारा धातू नाही असे मत दिले. सरकारने योजना नाकारली. तथापि १९४१ च्या मे महिन्यात व्हिटलच्या इंजिनावर विमान उडाले! स्वतः ग्रिफिथ १९३९ पासून १९६० पर्यंत रोल्स रॉइस कंपनीत नव्या इंजिनांवर काम करीत होते. १९४१ साली ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले. ता. १३ ऑक्टोबर १९६३ रोजी ते निवर्तले.

उष्णतेची ती अडचण मात्र खरी होती. आज इंजिनातील वायू, पात्यांचा धातू वितळेल इतका तापतो. म्हणून पात्यांच्या आतून थंड हवा खेळवितात, आणि वरून झिर्कोनिया नावाच्या, चिनी मातीसारख्या पदार्थाचा एक मिलिमीटरहूनही पातळ लेप देतात. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत ह्या लेपाच्या यशस्वी चाचण्या झाल्या. इंजिन निवाले की धातू अधिक आकसतो, लेप कमी. त्यामुळे लेपात ताण राहून जातो. त्यास अवशिष्ट ताण म्हणतात. शिवाय दोहोंमध्ये उष्णतेने गंजाचा एक थर वाढत असतो. वारंवार तापण्या-निवण्याने बारीक चिरा एकमेकींस मिळतात, लेपाचे पापुद्रे सुटतात, आणि उघडा धातू झोताच्या तोंडी येतो. लेप किती काळ टिकेल हे अजमावताना आजचे अभियंते ग्रिफिथ ह्यांच्याच हिशेबाचा आधार घेतात.

विद्यार्थी मित्रहो, हे चरित्र लिहिताना एक गोष्ट आमच्या मनास लागून राहिली. प्रत्येक चीर घातक नसते, हे ज्यांनी जगास शिकविले, त्यांनीच व्हिटलच्या योजनेतील चूक अधिक मोठी मानली. चूक दाखविणे हे गुरूचे व पालकांचे कर्तव्यच आहे. परंतु ती चूक किती मोठी, हे मोजल्यावाचून मुलाच्या योग्यतेचा निकाल देऊ नये. आणि व्हिटलप्रमाणे, दाखविलेली चूक सुधारून कामास पुन्हा लागावे, एवढेच विद्यार्थ्यांस आमचे सांगणे आहे.