संगीतकार सी. रामचंद्र : उमेदवारीची वर्षे

प्रजासत्ताकदिनाचे ध्वजवंदन आटोपले, की शाळेच्या पटांगणातील ध्वनिक्षेपकावरून एक गीत हटकून ऐकू येते. 'ऐ मेरे वतन के लोगों' हे ते गीत होय. बिदर असो, भालकी असो, बसवकल्याण असो वा आळंद, हे स्वर कानी पडले की गडबड करणारी मुलेही क्षणभर स्तब्ध होतात. गीत कवी प्रदीप यांचे आणि स्वर लता मंगेशकर यांचा, हे पुष्कळांस ठाऊक असते. त्यास चाल लावणारे संगीतकार सी. रामचंद्र हे मराठी होते, हेही काहींस ठाऊक असते. परंतु ह्याच संगीतकाराने उमेदीच्या काळात स्वस्तातील विनोदी व मारधाडीच्या चित्रपटांना संगीत दिले, तेही निरनिराळ्या नावांनी, ही हकीकत फारशी कोणास माहीत नसते. ते चित्रपट आज विस्मृतीत गेले आहेत. तरीही सी. रामचंद्र घडले ते तेथेच. म्हणून, विद्यार्थिमित्रांनो, त्यांच्या कीर्तीच्या दिवसांपेक्षा ह्या उमेदवारीच्या वर्षांचीच कथा आज विशेषेकरून सांगावयाची आहे.

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे झाला. चांगदेवांच्या समाधीमुळे प्रसिद्ध असलेले हे गाव गोदावरीकाठी वसलेले आहे. आपल्या बिदर जिल्ह्यातून वाहणारी मांजरा पुढे ज्या गोदामाईस जाऊन मिळते, तिच्याच तीरावरील हे गाव. रामचंद्रांस लहानपणापासून गाण्याचा ओढा होता. पुढे गांधर्व महाविद्यालयात पंडित विनायकबुवा पटवर्धन यांच्यापाशी त्यांनी शास्त्रोक्त संगीताचे शिक्षण घेतले. विनायकबुवा हे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचे शिष्य. स्वर आणि लय ह्यांच्या बाबतीत तेथे ढिलाई चालत नसे. ही शिदोरी रामचंद्रांस जन्मभर पुरली.

तो काळ बोलपटाच्या बाल्यावस्थेचा होता. १९३१ साली पहिला हिंदी बोलपट निघाला आणि पुढच्याच वर्षी मराठी बोलपट अवतरला. पडद्यावर दिसणाऱ्या नटानेच आपले गाणे गावे, अशी तेव्हाची रीत होती. साहजिकच गाता गळा असलेल्या देखण्या तरुणांस नायक होण्याची स्वप्ने पडत. रामचंद्रांसही ती पडली, आणि त्यांतले एक खरेही झाले. वाय. व्ही. राव या दिग्दर्शकाने १९३५ च्या 'नागानंद' चित्रपटात त्यांस नायकाची भूमिका दिली. आपल्या भागातील वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ह्याच रावांनी १९३४ साली 'सती सुलोचना' हा पहिला कन्नड बोलपट दिग्दर्शित केला होता, आणि तो तयार झाला होता मराठी मुलखात, कोल्हापुरास. कन्नडला पहिला बोलपट देणाऱ्या माणसानेच ह्या मराठी तरुणास चित्रसृष्टीचे दार उघडून दिले.

दार उघडले खरे, परंतु आत आसन मिळाले नाही. 'नागानंद' चालला नाही. नायक म्हणून आलेल्या तरुणास सोहराब मोदी यांच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये 'सईद-ए-हवस' व 'आत्मतरंग' अशा चित्रपटांतील किरकोळ कामांवर समाधान मानावे लागले. एखादा असता, तर हिरमुसला होऊन घरी परतला असता. रामचंद्रांनी मात्र पेटीचा आधार घेतला. मिनर्व्हाचे संगीतदिग्दर्शक बुंदू खाँ व हबीब खाँ यांच्या हाताखाली ते पेटीवादक झाले.

पेटीवादकाचे नाव पडद्यावर झळकत नाही. परंतु त्याच्या बैठकीवरून सगळा कारभार दिसतो. संगीतदिग्दर्शकास सुचलेली चाल स्मरणात ठेवावयाची, ती गायकाकडून घोटून घ्यावयाची, शब्द कोठे ताणावा आणि कोठे आखडावा हे पाहावयाचे, आणि पुन्हा पुन्हा तेच वाजवूनही कंटाळावयाचे नाही, असे ते काम असते. चाल कशी जन्मते, कशी फसते आणि कशी सावरते, हे रामचंद्रांनी येथे जवळून पाहिले.

स्वतंत्र संगीतदिग्दर्शनाची पहिली संधी त्यांस लाभली, ती मराठीत नव्हे आणि हिंदीतही नव्हे. ती लाभली तमिळमध्ये! 'जयक्कोडी' आणि 'वनमोहिनी' हे ते दोन चित्रपट. त्यांपैकी १९४१ सालचा 'वनमोहिनी' दिग्दर्शित केला होता भगवान यांनी. पुणतांब्याच्या मराठी तरुणाने तमिळ गीतांस चाली लावाव्या, हे धाडसच म्हटले पाहिजे. प्रत्येक भाषेची स्वतःची चाल असते. तिचे ऱ्हस्व-दीर्घ, तिचे आघात वेगळे असतात. ती भाषा आपली नसली, की कान अधिक तीक्ष्ण करावे लागतात.

भगवान आभाजी पालव यांचा आणि रामचंद्रांचा स्नेह ह्यानंतर दृढ झाला. भगवान हे गिरणीकामगाराचे पुत्र. त्यांनी स्वतःही मजुरी केली होती. १९३८ पासून ते चित्रपट दिग्दर्शित करू लागले. थोड्या पैशांत, थोड्या दिवसांत चित्रपट पुरा करावयाचा, त्यात धावपळ, मारामारी आणि हशा ह्यांची रेलचेल ठेवावयाची, असा त्यांचा खाक्या होता. असे चित्रपट पाहावयास येई तो मुख्यत्वे कामकरी वर्ग. दिवसभर राबून आलेल्या माणसास दोन घटका हसू यावे, एवढीच त्यांची महत्त्वाकांक्षा असे. प्रतिष्ठित मंडळी अशा चित्रपटांकडे नाके मुरडीत.

१९४२ सालच्या 'सुखी जीवन'पासून रामचंद्र भगवानांच्या ह्या चित्रपटांस संगीत देऊ लागले. 'सुखी जीवन', 'बदला', 'मिस्टर झटपट', 'बहादुर', 'दोस्ती' ह्यांत त्यांनी राम चितळकर हे नाव लावले. 'बहादुर प्रताप', 'मतवाले', 'मददगार' ह्यांत ते अण्णासाहेब झाले. 'ये है दुनिया'मध्ये तर श्यामू! पुढे गायक म्हणून गाताना ते नुसते चितळकर म्हणवून घेत. एकच माणूस इतक्या नावांनी वावरत होता, आणि त्यांपैकी एकही नाव अद्याप मोठे झाले नव्हते.

हसविणाऱ्या चित्रपटास संगीत देणे सोपे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः हे काम फार अवघड आहे. करुण गीतास श्रोता सहानुभूतीने ऐकतो. विनोदी गीतास तो एक कडवेही सवलत देत नाही. ठेका क्षणभर रेंगाळला, की हशा विरतो. चाल फार अवघड झाली, तर ती प्रेक्षकांच्या ओठी बसत नाही. फार सोपी झाली, तर चित्रपटगृहाच्या दाराशीच विसरली जाते. त्यातून पैसा बेताचा, वेळ बेताचा. अशा स्थितीत हाताशी असेल त्या वाद्यातून काम साधण्याची कला अंगी बाणते. रामचंद्रांच्या अंगी ती बाणली. विनायकबुवांच्या शिस्तीत तयार झालेल्या ह्या कलावंताने विनोदास हलके लेखले नाही, हीच त्यातील मर्माची गोष्ट होय.

ह्या चित्रपटांपैकी बहुतेक आज पाहावयास मिळत नाहीत. त्यांतील गाणी कोणी गुणगुणत नाही. परंतु जमिनीत गेलेले बी दिसेनासे होते म्हणून ते वाया जात नाही. १९४७ च्या 'शहनाई'त सी. रामचंद्र ह्या नावाने त्यांनी दिलेली खट्याळ, ठसकेबाज गाणी देशभर पसरली, आणि लोकांस वाटले की एक नवाच संगीतकार एकाएकी उगवला. तो एकाएकी उगवला नव्हता. बारा वर्षे पडद्यामागे राबत होता.

त्यानंतर १९५१ साली भगवानांनी 'अलबेला' काढला. नाटकात चमकण्याची स्वप्ने पाहणाऱ्या एका सामान्य कारकुनाची ही कथा. नायक स्वतः भगवान, नायिका गीता बाली आणि संगीत अर्थातच रामचंद्रांचे. गोमंतकीय ट्रंपेटवादक चिक चॉकलेट आपल्या वाद्यवृंदासह त्यात पडद्यावरही दिसले. पाश्चात्त्य वाद्यांचा ठेका आणि देशी चालीचा गोडवा त्यांत असा एकजीव झाला, की प्रेक्षक खुर्चीत बसल्या बसल्या पायांनी ताल धरू लागले. त्याच चित्रपटात लताबाईंच्या स्वरातील एक हळुवार अंगाईही आहे. नाचविणारा आणि निजविणारा संगीतकार एकच होता. स्वस्त विनोदी चित्रपटांतून मुरलेली ती जोडी 'अलबेला'ने अजरामर केली.

मग कीर्तीचे दिवस आले. १९५३ चा 'अनारकली' त्यातील विरहगीतांनी गाजला. १९५५ चा 'आझाद' दक्षिणेकडील निर्माता-दिग्दर्शक श्रीरामुलू नायडू यांचा. १९५७ च्या 'आशा' चित्रपटात निरर्थक वाटणाऱ्या शब्दांवर रचलेले गीत किशोरकुमारांच्या व आशा भोसले यांच्या स्वरांत मुलाबाळांच्या तोंडी बसले. विनोदी चित्रपटांच्या शाळेतला हा जुना पाठ होता! १९५८ साली मद्रासच्या जेमिनी संस्थेच्या 'वंजिकोट्टै वालिबन' ह्या तमिळ चित्रपटास त्यांनी संगीत दिले, आणि त्यातील दोन नर्तकींच्या चढाओढीचे नृत्यगीत आजही नावाजले जाते. ज्या भाषेत चाचपडत पहिले पाऊल टाकले, त्या भाषेत ते सन्मानाने परतले. पुढच्या वर्षी व्ही. शांताराम यांच्या 'नवरंग'चे संगीतही त्यांचेच.

१९६२ साली चीनने भारतावर आक्रमण केले. अनेक जवान धारातीर्थी पडले आणि देशावर दुःखाची छाया पसरली. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये, पंतप्रधान पंडित नेहरू यांच्या उपस्थितीत, लताबाईंनी आरंभी सांगितलेले ते गीत गायिले. ऐकताना पंडितजींचे डोळे पाणावले. त्या चालीत कोठेही आरडाओरड नाही, वाद्यांचा गदारोळ नाही. शब्द स्पष्ट ऐकू यावेत आणि अंतःकरणास भिडावेत, एवढीच तिची धडपड आहे. सामान्य माणसाच्या काळजास काय भिडते, हे ज्याने कामकरी प्रेक्षकांच्या सहवासात ओळखले होते, त्यासच असा संयम साधतो.

ह्या काळात चित्रपटांतील त्यांची कामे हळूहळू कमी होत गेली. लोकांची आवड पालटते. तिने ह्या थोर कलावंतासही वगळले नाही. तरी ते स्वस्थ बसले नाहीत. मराठीत १९७० च्या 'घरकुल'ला त्यांनी दिलेले संगीत घराघरांत पोहोचले. 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र त्यांनी लिहिले. ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले. चौसष्टाव्या वाढदिवसास तेव्हा अवघा एक आठवडा उरला होता.

विद्यार्थिमित्रांनो, ह्या चरित्रातून आपल्या ह्या सीमाभागातील मुलामुलींनी दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून बिदर व कलबुर्गी हे जिल्हे कन्नड भाषकांच्या राज्यात आहेत. घरी मराठी, बाजारात कन्नड, शेजारी उर्दू आणि पुस्तकात हिंदी-इंग्रजी, असा आपला नित्याचा व्यवहार. कधी कधी आपणांस तो ओझे वाटतो. इतर मुलांपेक्षा आपणच मागे पडतो की काय, अशी धास्ती वाटते. परक्या तमिळ भाषेत पहिल्या चाली बांधणाऱ्या ह्या मराठी माणसाकडे पाहावे, म्हणजे ते ओझे किती मोठे भांडवल आहे, हे उमगेल.

दुसरी गोष्ट कामाची. आपल्या वाट्यास येणारे पहिले काम बहुधा लहानच असते. त्यावर आपले नावही नसते. पुष्कळदा ते काम जगाच्या स्मरणातूनही जाते. परंतु ते मन लावून केले असेल, तर करणाऱ्याच्या हातातून जात नाही. अण्णासाहेब आणि श्यामू ह्यांस आज कोणी ओळखत नाही. पण येत्या प्रजासत्ताकदिनी पटांगणावर ते गीत लागेल, तेव्हा त्यांचेही हात त्या स्वरांमागे आहेत, एवढे आठवावे.