भाऊसाहेब बांदोडकर

१२ मार्च १९११ रोजी पेडण्यात जन्मलेले दयानंद बांदोडकर आम्हा पाळीकरांचे भाऊसाहेबच. खाणमालक झाल्यावर त्यांनी शाळांना, देवळांना, गरजू विद्यार्थ्यांना सढळ हाताने दिले. आज अशा कामाला प्रतिष्ठान, विश्वस्त, लेखापरीक्षण लागते. बँकेत आयुष्य गेल्यामुळे आम्हाला तेच बरे वाटते. पण एकाच्या खिशातून किती गावे शिकणार? डिसेंबर १९६३ मध्ये मुख्यमंत्री होताच त्यांनी सरकारी प्राथमिक शाळा खेड्यापाड्यांत नेल्या. पुढच्या वर्षी कूळ कायदा आला. १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाची त्यांची बाजू हरली, तरी लागलीच झालेल्या निवडणुकीत लोकांनी सत्ता त्यांच्याच हाती दिली. १२ ऑगस्ट १९७३ रोजी ते पदावर असतानाच गेले. खाणींचा पैसा आमच्या पाळीनेही पाहिला. त्यातला शाळेपर्यंत किती पोचला, हा हिशेब मांडायला आम्ही अजून बसलेलो नाही.