फोटो बूथमध्ये चेहरे बिघडतात का? चाळीसगावच्या केकी मूस यांचं टेबल बघा

धुळे-जळगावकडच्या कुठल्याही लॉन्सवर जा, हळद असो की पहिला वाढदिवस, कोपऱ्यात फोटो बूथ असतोच. फुलांची भिंत, रिंग लाइट, स्टँडवर टॅबलेट. आठ जण आत घुसतात, तीन-दोन-एक होतं आणि फोटोत पुढच्याचं कपाळ पांढरंफटक, मागच्याचं तोंड काळं. मग सगळे कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलला नावं ठेवतात. मला ते पटत नाही. आपल्याच खान्देशातल्या एका माणसाने घराबाहेर न पडता, टेबलाएवढ्या जागेत फोटो काढून देश-विदेशात नाव कमावलं होतं.

त्यांचं पूर्ण नाव कैखुश्रू माणेकजी मूस. सगळे केकी मूस म्हणतात. जन्म २ ऑक्टोबर १९१२, मुंबईच्या पारशी कुटुंबात. आई-वडिलांचा व्यवसाय चाळीसगावात. शिक्षण मुंबईच्या विल्सन कॉलेजात, मग इंग्लंडला कमर्शियल आर्ट, त्यातच फोटोग्राफी. १९३०च्या दशकाच्या शेवटी ते चाळीसगावला परतले आणि स्टेशनजवळच्या घरात त्यांनी जवळजवळ स्वतःला कोंडूनच घेतलं. ३१ डिसेंबर १९८९ला गेले, तोपर्यंत साधारण पन्नास वर्षं असंच.

कारण काय, तर सांगतात की मुंबईच्या प्रेयसीने पंजाब मेलने येईन असा शब्द दिला होता. म्हणून ती गाडी येऊन जाईपर्यंत घराची दारं रोज उघडी ठेवली जायची. ती आली नाही. चाळीसगावात ही गोष्ट कुणीही सांगेल. मला मात्र वेगळाच प्रश्न पडतो. बाहेर जायचंच नाही म्हटल्यावर फोटोग्राफरने फोटो काढायचे तरी कशाचे?

मूस यांनी शोधलेलं उत्तर म्हणजे टेबलटॉप फोटोग्राफी. घरातल्या साध्या वस्तू टेबलावर मांडायच्या आणि फोटोत त्यांचा अख्खा देखावा उभा करायचा. हे जमतं, कारण वस्तू केवढी आहे हे कॅमेऱ्याला कळत नाही. शेजारी माप दाखवणारं काही नसेल तर ढेकूळही डोंगर होतो. पण उजेड बाजूने हवा. समोरून पाडला तर सावली मागे लपते, उंच-सखल दिसत नाही आणि ढेकूळ ढेकूळच राहतं. शिवाय जवळची आणि लांबची वस्तू एकाच वेळी स्पष्ट हवी असेल तर लेन्सचं छिद्र बारीक करावं लागतं. मग आत उजेड कमी येतो आणि शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. टेबलावरच्या वस्तू हलत नाहीत, म्हणून चालतं. फिल्मचा जमाना, त्यामुळे चुकलं की बरोबर आलं हे फिल्म धुतल्यावरच कळणार.

बूथ म्हणजे असंच एक टेबल, फक्त त्यावर मांडलेल्या वस्तू आपण असतो. आणि आपण हलतो. बूथमध्ये उजेड मंद असेल तर तिथेही शटर रेंगाळतं, म्हणून काउंटडाउन संपल्यावरही क्षणभर स्थिर राहा. लहान मुलांना हे सांगून उपयोग नाही, त्यांना सरळ कडेवर घ्या.

काळ्या तोंडाचं गणित अंतरात आहे. दिव्यापासून एक हातावर उभ्या माणसाला जेवढा उजेड मिळतो, त्याच्या निम्मा नाही, साधारण चौथाई उजेड दोन हातांवरच्याला मिळतो. आता दोघंही दोन-दोन हात मागे सरका. अंतर झालं तीन आणि चार हात. मागच्याला पुढच्याच्या निम्म्याहून जास्त उजेड मिळू लागला! दिवा तोच, टॅबलेट तोच. सगळ्यांवरचा उजेड बराच कमी होतो, पण फरक घटतो. ग्रुप मोठा असेल तर एकामागे एक उभं राहण्यापेक्षा अर्धगोल करा, म्हणजे सगळे दिव्यापासून सारख्या अंतरावर येतात.

फक्त अर्धगोल फार पसरू देऊ नका. अशा कॅमेऱ्याची लेन्स बहुतेक वेळा वाइड असते आणि फ्रेमच्या कडेचे चेहरे ताणले जातात. कडेचा मामा जाड दिसतो तो लेन्समुळे (निदान थोडा तरी). फुलांच्या भिंतीला पाठ टेकवू नका, सावली चिकटते. चष्म्यात रिंग दिसत असेल तर हनुवटी जराशी खाली घ्या, नाहीतर दिवा थोडा वर करायला सांगा. आणि स्क्रीनवर स्वतःला न्याहाळत बसू नका, लेन्सच्या ठिपक्याकडे बघा.

रिंग लाइट सगळ्यांना आवडतो कारण तो सुरकुत्या पुसतो. पण तो समोरून पडतो, नाकाडोळ्यांची ठेवणही सपाट करतो. बूथवाला ऐकणारा असेल तर दिवा जरा बाजूला सरकवून एक फोटो काढून बघा.

मूस यांच्या कामाचं कलादालन चाळीसगावातच आहे. धुळ्याहून रेल्वेने चाळीसगावला येता येतं. गेलात तर टेबलटॉप फोटोसमोर उभं राहून वस्तू कसली आहे ते ओळखण्याआधी तिची सावली कुठल्या बाजूला पडलीय ते बघा. दिवा कुठे ठेवला होता ते लगेच सापडेल.