थिबा राजाचा हिशेब

रत्नागिरीत पाहुणा आला की त्याला थिबा पॅलेस दाखवावयाचा, हा आपला जुना रिवाज आहे. वरच्या मजल्यावरून भाट्याची खाडी आणि पलीकडचा समुद्र दाखवावयाचा, येथेच उभा राहून राजा दुर्बिणीतून जहाजे न्याहाळीत असे व मायदेशाच्या आठवणीने डोळे पुशीत असे, ही कथा सांगावयाची आणि चहाला घरी परतावयाचे. कथा हृद्य आहे. परंतु ती सांगताना एक साधी वजाबाकी कोणी करीत नाही. थिबा रत्नागिरीस आला १८८६ च्या एप्रिलमध्ये आणि या वाड्यात राहावयास गेला १९१० च्या अखेरीस. म्हणजे तीस वर्षांच्या बंदिवासातील चोवीस वर्षे तो सज्जा अस्तित्वातच नव्हता. ती वर्षे राजाने सरकारने नेमून दिलेल्या बंगल्यांत काढली. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला अश्रूंपेक्षा आकडे अधिक बोलके वाटतात, हा व्यवसायाचा दोष समजावा. पण थिबाच्या बाबतीत आकडेच खरी गोष्ट सांगतात, असे मला वाटते.

१८५९ मध्ये जन्मलेला हा राजपुत्र राज्यावर येईल, असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. वडील राजा मिंडन यांना मुलेबाळे उदंड. थिबा मठात रमणारा, धर्मग्रंथांच्या कठीण परीक्षेत नाव मिळविलेला तरुण होता. १८७८ मध्ये मिंडन मृत्युशय्येवर असताना राजवाड्यातील एका महत्त्वाकांक्षी राणीने व काही मंत्र्यांनी याला पुढे केले, कारण तो मऊ होता आणि त्या राणीच्या मुलीवर, सुपायालातवर, त्याचा जीव होता. पुढच्याच वर्षी, १८७९ च्या फेब्रुवारीत, गादीवर हक्क सांगू शकतील अशा सुमारे ऐंशी आप्तांची राजवाड्यात कत्तल झाली. आज्ञा कोणाची, यावर इतिहासकार अद्याप वाद घालतात. बहुतेकांचे बोट सासूकडे वळते. मात्र राजा म्हणून थिबाची जबाबदारी त्यामुळे टळत नाही. त्याला निव्वळ दयेचा विषय करणाऱ्या आपल्याकडील कथांत ही कत्तल सहसा गाळली जाते. इंग्रजी वृत्तपत्रांनी मात्र ती विसरू दिली नाही. रक्तपिपासू, मद्यपी जुलमी राजा हे चित्र त्यांनी रंगविले, आणि ते राज्य घेण्याच्या कामी फार उपयोगी पडले.

राज्य गेले ते मात्र कत्तलीवरून नव्हे, लाकडावरून. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही १८६३ साली स्थापन झालेली मुंबईची कंपनी वरच्या ब्रह्मदेशातील सागाची जंगले मक्त्याने तोडीत असे. कंपनीने ओंडके अधिक नेले आणि स्वामित्वशुल्क कमी भरले, असा मंडालेच्या दरबाराचा आरोप होता. १८८५ मध्ये दरबाराने कंपनीस सुमारे तेवीस लाख रुपयांचा दंड ठोठावला. कंपनीने आरोप नाकारला. सरकारी जंगलाचा मक्ता, मोजणीतील तफावत आणि त्यावरून कज्जा, हा प्रकार कोकणातल्या वाचकाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. एरवी असा कज्जा वर्षानुवर्षे रखडला असता. परंतु त्याच सुमारास मंडालेत फ्रेंचांचा वकील येऊन बसला होता, फ्रेंच भांडवलाने बँक व रेल्वे उभारण्याच्या वार्ता होत्या, आणि चीनकडे जाणारा व्यापारी मार्ग इंग्रजांना हवा होता. २२ ऑक्टोबर १८८५ रोजी निर्वाणीचा खलिता गेला: कंपनीवरील कारवाई थांबवा, इंग्रज वकील ठेवा, परराष्ट्रव्यवहार हिंदुस्थान सरकारच्या सल्ल्याने करा. नोव्हेंबरच्या मध्यास फौजा इरावती नदीतून वर निघाल्या आणि २९ नोव्हेंबरला राजा शरण आला. पुरते तीन आठवडेही लागले नाहीत. १ जानेवारी १८८६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांनी राज्य खालसा केल्याची घोषणा केली. ब्रह्मी जनतेचा सशस्त्र प्रतिकार पुढे कित्येक वर्षे चालला, ही गोष्ट निराळी. कंपनी अजून आहे; आज ती भारतीय मालकीची असून तिचे समभाग मुंबईच्या बाजारात विकले जातात.

मद्रासेत काही महिने ठेवून राजा, दोन राण्या व मुली यांना रत्नागिरीस आणण्यात आले. रत्नागिरीच का? येथे रेल्वे नव्हती. तिची शिट्टी आपण ऐकली ती विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात. आगबोट हाच मोठा मार्ग, आणि पावसाळ्यात तोही बंद. जिल्ह्याचे ठाणे असल्याने कलेक्टर व पोलीस हाताशी होते. ब्रह्मी माणूस औषधालाही नव्हता. आपल्या गावाची गैरसोय हीच सरकारची सोय होती. १९२४ मध्ये सावरकरांना स्थानबद्ध करतानाही हेच गाव सरकारला सुचावे, यात नवल नाही.

येथून पुढची तीस वर्षे म्हणजे तनख्याची कहाणी. राजाला ठरावीक रक्कम मिळे, आणि ती वाढविणे वा घटविणे सर्वस्वी सरकारच्या मर्जीवर. परवानगीवाचून आवाराबाहेर पाऊल टाकता येत नसे. स्वतःचे उत्पन्न मिळविण्याचा कोणताही मार्ग मोकळा नव्हता. पदरी नोकरचाकरांचा मोठा परिवार, मुलींच्या कर्णवेधासारखे राजघराण्याचे विधी, शिवाय बौद्ध राजाला अनिवार्य वाटणारा दानधर्म. उधळ्या म्हणून कारभाऱ्यांनी त्याची नोंद केली, आणि हिशेबाच्या दृष्टीने ती खोटी नाही. पण राजेपणाचा खर्च ठेवून राजेपणाचे उत्पन्न काढून घेतल्यावर दुसरे काय होणार? कर्जे झाली. माणके व हिरे एकामागून एक सराफांकडे गेले, आणि गरजवंताला मिळतो तोच भाव मिळाला. गावच्या बाजारपेठेला या वाड्याची काही वर्षे चांगली ऊब लागली असणार.

याच काळात राजाने गव्हर्नरांना, व्हाइसरॉयांना अर्जांमागून अर्ज लिहिले. त्यांत एक तक्रार पुनःपुन्हा येई: शरणागतीच्या वेळी सुरक्षित ठेवण्यासाठी म्हणून स्वाधीन केलेली रत्ने परत मिळालेली नाहीत. त्यांतील ‘न्गा मौक’ नावाचे प्रचंड माणिक तर दंतकथाच होऊन बसले. ते शरणागतीच्या वेळी हजर असलेल्या कर्नल स्लेडन यांनी लांबविले, असा राजघराण्याचा कायमचा आरोप होता. स्लेडन १८९० मध्ये वारले. माणिक आजवर सापडलेले नाही.

एक योगायोग रत्नागिरीकराने विसरू नये. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ पासून १९१४ पर्यंत मंडालेच्या तुरुंगात होते, आणि मंडालेचा राजा त्या वेळी रत्नागिरीत. १९१० च्या अखेरीस थिबा नव्या वाड्यात पाऊल ठेवीत होता, त्याच हिवाळ्यात टिळक तिकडे ‘गीतारहस्य’ लिहीत होते. त्याआधी १८५८ मध्ये बहादूरशहा जफर यांना दिल्लीहून रंगूनला नेले होते. एकाचा देश हा दुसऱ्याचा तुरुंग, ही युक्ती साम्राज्याला स्वस्तात पडे.

डिसेंबर १९१६ मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, थिबा वारला. पार्थिव ब्रह्मदेशी नेण्याची राणीची इच्छा सरकारने मानली नाही, आणि राणी येथे दफन करू देईना. अखेर १९१९ च्या मार्चमध्ये सरकारनेच, आधी निवर्तलेल्या धाकट्या राणीसह, राजाला रत्नागिरीत समाधिस्थ केले. त्यानंतर कुटुंबाला रंगूनला जाण्याची मुभा मिळाली. सुपायालात १९२५ मध्ये तिथेच वारली, मंडाले तिला पुन्हा पाहू दिले गेले नाही.

थोरली राजकन्या मात्र परतली. वाड्यावरील एका विवाहित पहारेकऱ्याशी तिचे नाते जडले होते, आणि त्यांची मुलगी टूटू १९०६ मध्ये जन्मली होती. राजकन्येने अखेरचे दिवस विपन्नावस्थेत काढले आणि १९४७ मध्ये ती याच गावात वारली. राजाची ही नात मराठी बोलत, कष्ट करीत, मोठा संसार रेटत २००० सालापर्यंत आपल्यात राहिली. तिच्या घरापेक्षा तिच्या आजोबांच्या वाड्याकडेच आपली वर्दळ अधिक होती. राजवाड्याची डागडुजी, संग्रहालय, पर्यटकांसाठी फलक यांवर चर्चा पुष्कळ झाल्या. या माणसांचे कोणाला काही देणे लागते काय, हा प्रश्न त्या चर्चांत फारसा आला नाही.

२०१२ च्या डिसेंबरमध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन समाधीच्या दर्शनास रत्नागिरीत आले, आणि २०१६ मध्ये शंभराव्या पुण्यतिथीस थिबाचे वंशज येथे जमले. पार्थिव मायदेशी नेण्याचा विषय अधूनमधून निघतो. राजा अद्याप येथेच आहे, राणी रंगूनला.