आठकोनी चिन्हामागचा माणूस

शहापूरच्या शाखेत मी अधिकारी होतो, तेव्हा आग्रा रोडवरच्या अपघातांच्या नुकसानभरपाईचे पैसे आमच्याकडे मुदत ठेवीत यायचे. त्या पैशावर घरादाराची कशी नजर असते, हे टेबलाच्या अलीकडून पुष्कळ पाहिले. म्हणूनच सेसिल किंबर या इंग्रज गृहस्थाची हकिगत मला परकी वाटली नाही.

हा कोण किंबर, असे तुम्ही विचाराल. शहापूरवरून नाशिककडे जाणाऱ्या गाड्यांत हल्ली आठकोनातली ‘एमजी’ ही अक्षरे दिसतात. २०१९ पासून त्या गाड्या गुजरातेत हालोलला तयार होतात. ही अक्षरे ऑक्सफर्डच्या ‘मॉरिस गॅरेजेस’ची आणि त्या नावाची मोटार घडवली ती किंबरने.

त्याचा जन्म १८८८ सालचा, लंडनमधला. वडिलांचा छपाईच्या शाईचा धंदा होता. मुलाला वेड मोटारसायकलीचे. तरुणपणीच एका मोटारीशी टक्कर होऊन त्याचा उजवा पाय चिरडला. पाय कसाबसा वाचला, पण कायमचा आखूड झाला. भरपाई मिळाली आणि त्याने चक्क मोटार घेतली. धंदा अडचणीत आला तेव्हा वडिलांना ते पैसे हवे होते. मुलाने नकार दिला. बापलेकांचे बोलणे तुटले ते तुटलेच.

१९२१ मध्ये तो मॉरिस गॅरेजेसमध्ये विक्री व्यवस्थापक झाला, पुढच्याच वर्षी मुख्य व्यवस्थापक. मालकाच्या साध्या मॉरिस गाड्यांवर देखणे सांगाडे चढवून तो विकू लागला. १९२८ ची चिमुकली ‘मिजेट’ पगारदार तरुणांनाही परवडू लागली. १९२९ मध्ये ॲबिंग्डनला कारखाना गेला. १९३३ मध्ये नुव्होलारीसारख्या नामांकित इटालियन शर्यतपटूने एमजी चालवून अल्स्टरची शर्यत जिंकली.

पण कारखाना किंबरचा नव्हता. तो पगारी माणूस. १९३५ मध्ये मालकाने एमजी आपल्याच मोठ्या कंपनीत विलीन केली आणि शर्यती बंद झाल्या. युद्धकाळात कामगार रिकामे बसू नयेत म्हणून किंबरने वरिष्ठांना न विचारता विमानाच्या भागांचे काम घेतले. १९४१ मध्ये त्याला घरी बसवण्यात आले. ४ फेब्रुवारी १९४५ ला लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातून निघालेली त्याची गाडी बोगद्यातल्या चढावर घसरून मागे आली. त्या अपघातात दोघे गेले, त्यातला एक किंबर.

दहा वर्षांनी, १९५५ मध्ये, ॲबिंग्डनहून ‘एमजीए’ बाहेर पडली. दोनच आसने, वर उघडे आकाश आणि पाण्यातल्या माशासारखी गुळगुळीत अंगलट. १९६२ पर्यंत अशा एक लाखाहून अधिक गाड्या झाल्या, बहुतेक परदेशी गेल्या. किंबरने त्यातली एकही पाहिली नाही.

शाखेत एकदा पाय गमावलेला एक तरुण आला होता. भरपाईची ठेव मोडून वडिलांच्या दुकानात घालावी का, असे त्याने विचारले. मी बापाकडे पाहिले, मुलाकडे पाहिले आणि घालावी म्हणालो. तो बिचारा सही करून गेला. त्याच्या मनात काय करायचे होते, हे विचारायचे मात्र माझ्याकडून राहून गेले.